प्रवाळांकडून शिकू या

(घरात माशांची टाकी असावी, असे अनेकांना वाटते, पण पंपाचा आवाज आणि विजेचा खर्च यांमुळे ती हौस लवकर संपते. समुद्रातील प्रवाळ खडकांजवळचे पाणी कोणत्याही यंत्राशिवाय स्वच्छ राहते. ते कसे, आणि त्यावरून आपल्याला शांत व कमी विजेत चालणारी टाकी कशी करता येईल, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, माशांची काचेची टाकी तुम्ही पाहिली असेलच. कुणाच्या घरी, एखाद्या दवाखान्यात किंवा दुकानाच्या दर्शनी भागात ती असते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेथील रंगीबेरंगी मासे पाहण्यासाठी लहानथोरांची गर्दी होत असे. पाण्यात मासे किती शांतपणे फिरतात! त्यांच्याकडे पाहता पाहता आपलेही मन शांत होते.

पण घरातल्या टाकीजवळ कान देऊन ऐका. ‘घुर्र घुर्र’ असा आवाज येतो. हा आवाज माशांचा नाही; पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपाचा आहे. दिवसा इतर आवाजांत तो ऐकू येत नाही. रात्री सगळे झोपले, की तोच आवाज मोठा वाटू लागतो. आपल्यातील अनेकांच्या घरात एकाच खोलीत जेवण, अभ्यास आणि झोप होते. अशा घरात हा आवाज नकोसा होतो. त्यात महिनाअखेर विजेचे बिल येते. मग घरातले कोणीतरी म्हणते, “आधी तो पंप बंद करा पाहू!” पंप बंद होतो, पाणी खराब होते आणि थोड्याच दिवसांत मासे मरतात. रिकामी टाकी माळ्यावर जाते.

मासे का मेले? पंप बंद केला म्हणून? होय, पण ते कारण अपुरे आहे. ती टाकी पूर्णपणे यंत्राच्या भरवशावर उभी होती, हे खरे कारण आहे. यंत्रावर कमीत कमी अवलंबून राहणारी टाकी करता येईल का? येईल. ही युक्ती माणसाला प्रवाळांनी शिकवली.

उर्दूत तुम्ही ज्याला ‘मरजान’ म्हणता, त्याला मराठीत ‘पोवळे’ किंवा ‘प्रवाळ’ म्हणतात. अंगठीतील लाल पोवळे म्हणजे एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडाच होय. प्रवाळ दिसतो झाडासारखा आणि हाताला लागतो दगडासारखा. पण तो झाडही नाही आणि दगडही नाही. तो प्राणी आहे. एका प्रवाळात शेकडो, हजारो इवलेसे जीव एकमेकांना चिकटून राहतात. ते समुद्राच्या पाण्यातून चुना घेतात आणि त्याचे कठीण घर बांधतात. जुने जीव मरतात, त्यांच्या घरांवर नवे जीव घरे बांधतात. अशी हजारो वर्षे गेली, की समुद्रात मोठमोठे प्रवाळ खडक तयार होतात. आपल्या देशात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, कच्छचे आखात आणि मन्नारचे आखात येथे असे खडक आहेत. आपल्या महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आढळतात.

जगातील सर्व प्रवाळ खडक एकत्र केले, तरी ते समुद्रतळाची एक टक्कासुद्धा जागा व्यापत नाहीत. तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जातींचे जीव त्यांच्या आधाराने जगतात. एवढी गर्दी, पण पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ! माशांची विष्ठा, उरलेले अन्न, मेलेले जीव हे सगळे जाते कोठे?

तेथे तीन कामगार रात्रंदिवस राबत असतात. पहिला कामगार सूर्य. प्रवाळाच्या शरीरात अतिशय सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील बराच वाटा प्रवाळाला देते. त्याच्या बदल्यात प्रवाळ शेवाळाला राहायला जागा आणि आपल्या शरीरातील टाकाऊ पदार्थ देतो. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा खुराक! दुसरा कामगार म्हणजे लाटा. त्या पाणी सतत हलवतात आणि त्यात हवा मिसळतात. तिसरा कामगार डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे जिवाणू. ‘जिवाणू’ म्हटले, की आपल्याला रोग आठवतात. पण सगळेच जिवाणू वाईट नसतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ पाण्यात मिसळतो. खडकावर आणि वाळूत राहणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे त्या मानाने पुष्कळच कमी घातक असते. खडकाच्या अगदी आतल्या भोकांत प्राणवायू फार कमी असतो. तेथे तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने हवेत निघून जातो. अशा रीतीने विष पाण्यातून नाहीसे होते. या कामाला ना वीज लागते, ना त्याचा आवाज होतो.

आता माणसाने काय केले, ते पाहा. परदेशांत काही हौशी लोकांनी जिवंत प्रवाळ घरातल्या टाकीत ठेवायला सुरुवात केली. प्रवाळाला ऊन लागते, म्हणून त्यांनी मोठे दिवे लावले. लाटा हव्यात, म्हणून पंप बसवले. पाणी स्वच्छ हवे, म्हणून गाळणीची यंत्रे जोडली. समजा, २५० वॅटचा एक दिवा रोज १० तास लावला. २५० ला १० ने गुणले, की २५०० होतात. १००० वॅट-तास म्हणजे विजेचे एक युनिट. म्हणजे एकट्या दिव्याला रोज अडीच युनिट आणि ३० दिवसांच्या महिन्याला ७५ युनिट वीज लागली! गोष्ट एवढ्यावर संपत नाही. असा दिवा फार तापतो. त्याने पाणी तापते. प्रवाळाला फार गरम पाणी सोसत नाही. मग पाणी थंड करण्यासाठी आणखी एक यंत्र आणावे लागते. म्हणजे आधी पाणी तापवायला वीज आणि मग तेच पाणी निववायला पुन्हा वीज!

इंडोनेशिया देशातील जकार्ता शहरात ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी वेगळी वाट धरली. त्या काळी समुद्री माशांची टाकी धुऊनपुसून अगदी कोरी ठेवण्याची पद्धत होती. शोभेसाठी त्यात मेलेल्या प्रवाळांचे पांढरे सांगाडे मांडत. ली यांनी समुद्रातले दगड न धुता, त्यांच्यावरच्या आणि भोकांतल्या जिवांसह टाकीत ठेवले. टाकीला सूर्यप्रकाश मिळू दिला. यंत्र म्हणाल तर पाण्यात हवेच्या बुडबुड्यांची एक बारीकशी धार सोडली, एवढेच. दगडांतील जिवाणूंनी टाकीतही आपले काम चालू ठेवले. मासे जगले आणि प्रवाळही जगले. ली यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपल्या पद्धतीची माहिती लिहिली आणि तिला ‘निसर्गाची पद्धत’ म्हटले. पुढे जर्मनीतील बर्लिन शहरातल्या हौशी लोकांनीही जिवंत दगडांवर भर दिला. त्यांची पद्धत ‘बर्लिन पद्धत’ या नावाने प्रसिद्ध झाली. मोठमोठ्या यंत्रांनी जे काम करायचे, त्यातले बरेचसे एक सच्छिद्र दगड मुकाट्याने करतो, हे लोकांना पटू लागले.

हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल, ‘चला, आपणही समुद्रावरून एखादा प्रवाळ घेऊन येऊ!’ थांबा. असे मुळीच करू नका. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. २००१ साली दगडी प्रवाळांना या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालून वाघासारखेच संरक्षण देण्यात आले. समुद्रघोड्यालाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. म्हणून प्रवाळ तोडणे, विकणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. कोणी दुकानदार “घ्या हो, चालते,” असे म्हणाला, तरी घेऊ नका. मुंबईच्या किनारी रस्त्याचे काम चालू असताना वरळी आणि हाजी अली येथील किनाऱ्यावर प्रवाळ आढळले. ते दुसरीकडे हलवण्यासाठी २०२० साली वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या कामालाही जो नियम लागू झाला, तो आपल्यालाही लागू आहे.

हा कायदा उगीच केलेला नाही. अनेक दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. हातोडीच्या एका घावाने जो तुकडा निघतो, तो तयार व्हायला कित्येक वर्षे लागलेली असतात. म्हणून आपण असे ठरवू या : प्रवाळ समुद्रातच राहू द्यायचा, घरी आणायची ती फक्त त्याची युक्ती.

ही युक्ती गोड्या पाण्याच्या टाकीतही चालते. सूर्याच्या जागी एक लहान एलईडी दिवा, लाटांच्या जागी बुडबुडे, प्रवाळाच्या शेवाळाच्या जागी पाणवनस्पती आणि सच्छिद्र दगडाच्या जागी वाळू व स्पंज. जिवाणू मात्र आपोआप येतात. टाकी कशी लावायची, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम टाकी निवडा. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशी टाकी पुरेशी आहे. तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. फार लहान भांडे घेऊ नका. थोड्या पाण्यात विष लवकर वाढते आणि पाणी लवकर तापते. ५४ लिटर पाण्याचे वजनच ५४ किलो होते. त्यात काच आणि वाळू यांचे वजन मिळवा. म्हणून टाकी भक्कम आणि सपाट मेजावर ठेवा. टाकीखाली थर्मोकोलचा पातळ पत्रा घाला. त्यामुळे काचेवर सगळीकडे सारखा दाब येतो. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नका. नाहीतर पाणी तापेल आणि काच हिरव्या शेवाळाने भरून जाईल.

आता वाळू. जाडसर वाळू बादलीत घेऊन पुनःपुन्हा धुवा. पाणी गढूळ निघायचे थांबले, की ती टाकीत पसरा. थर पाच सेंटिमीटर जाड असावा. तिच्यात वॅलिसनेरिया आणि हायड्रिला या पाणवनस्पती लावा. वॅलिसनेरियाची पाने हिरव्या फितींसारखी लांब असतात. या वनस्पती माशांचे टाकाऊ पदार्थ खत म्हणून वापरतात आणि उजेडात पाण्याला प्राणवायू देतात.

नंतर पाणी. नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. तो माशांना आणि आपल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतो. म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा. बहुतेक क्लोरीन उडून जातो. वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओता, म्हणजे वाळू उसळणार नाही.

आता स्पंजची गाळणी बसवा. ही गाळणी स्वस्त असते. तीन वॅटचा लहान हवेचा पंप तिला पुरतो. हवा नळीतून वर येते आणि आपल्याबरोबर पाणी ओढते. ते पाणी स्पंजमधून जाते. स्पंजच्या असंख्य भोकांत जिवाणू घर करतात. समुद्रात जे काम सच्छिद्र खडक करतो, ते येथे स्पंज करतो.

पंपाचा आवाज कसा कमी करायचा? आवाज म्हणजे कंपन, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पंप लाकडी मेजावर ठेवला, की मेज थरथरते आणि ढोलकीसारखा आवाज मोठा होतो. पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवून पाहा. आवाज लगेच कमी होईल. पंप आणि त्याची नळी भिंतीला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाणी उंचावरून पडले तरी आवाज होतो. म्हणून टाकीत कारंजे, धबधबा असे काही लावू नका. पाण्याच्या नळीत हवा शिरली, की ‘गुडगुड’ होते. पाण्याने पूर्ण भरलेली नळी मात्र गप्प राहते. परदेशांतील मोठ्या प्रवाळ टाक्यांतही उतरत्या नळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या ठेवून आवाज बंद करतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. तो खाली असला आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते.

विजेच्या बाबतीत सावध राहा. पाणी आणि वीज यांची गाठ पडणे धोक्याचे असते. वायर टाकीवरून सरळ बटणाकडे नेऊ नका. मध्ये तिला खाली लोंबता वळसा द्या. म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या वळशापाशीच गळून पडेल. बटणात जाणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करा. विजेची जोडणी घरातील मोठ्या माणसांकडून करून घ्या.

टाकी तयार झाली. आता मासे आणायचे ना? नाही, अजून नाही! येथेच बहुतेकांची घाई होते. जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांच्या खाद्याची एक चिमूट दर दोन-तीन दिवसांनी रिकाम्या टाकीत टाका. ते कुजते, अमोनिया तयार होतो आणि त्यावर जिवाणू वाढू लागतात. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच माशांच्या दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आले, की समजा, कामगार कामावर हजर झाले आहेत. आता पाव भाग पाणी बदला आणि प्रथम दोनच मासे आणा. पंधरा दिवसांनी आणखी दोन आणा आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी आणखी दोन. झेब्रा मासा आपल्या देशातल्या ओढ्यांत आढळतो. त्याच्या अंगावर निळे पट्टे असतात. तो काटक असतो आणि त्याला सोबत आवडते. असे सहा मासे या टाकीला पुरेत. तो उड्या मारतो, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण ठेवा.

माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. लाडाने जास्त खाद्य टाकणे म्हणजे पाण्यात विष टाकणे होय. दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून तेवढेच क्लोरीन उडालेले पाणी घाला. काढलेले पाणी कुंड्यांना घाला. झाडांना ते खतासारखे उपयोगी पडते. स्पंज घाण झाला, तर त्या काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळा. नळाखाली कधी धुऊ नका. नाहीतर क्लोरीनमुळे तुमचे सगळे कामगार एका दिवसात मरतील.

आता खर्चाचा हिशेब करू. तीन वॅटचा पंप २४ तास चालला, तर ७२ वॅट-तास होतात. दहा वॅटचा एलईडी दिवा रोज ८ तास लावला, तर ८० वॅट-तास होतात. दोन्ही मिळून दिवसाला १५२ आणि ३० दिवसांना ४५६० वॅट-तास झाले. म्हणजे महिन्याला सुमारे साडेचार युनिट. कोठे ७५ युनिट आणि कोठे साडेचार! आकड्यांचा फरक तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

पण अशा टाकीची खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. आपल्याकडे अनेक गावांत तासन्‌तास वीज जाते. यंत्रांवर जगणारी, माशांनी खचाखच भरलेली टाकी अशा वेळी संकटात सापडते. आपल्या टाकीत मासे मोजकेच आहेत. पाण्याचा पृष्ठभाग रुंद आहे. उजेडात वनस्पती प्राणवायू देत आहेत. म्हणून ती काही तास सहज तग धरते. वीज फार वेळ आली नाही, तर माशांना खाद्य देऊ नका. भांड्याने टाकीतलेच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओता. असे दहा-पंधरा वेळा केले, की पाण्यात हवा मिसळते. लाटा समुद्रात हेच तर करतात!

एक सूचना मात्र पाळा. टाकीचा कंटाळा आला, म्हणून त्यातले मासे किंवा वनस्पती नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. बाहेरून आलेले जीव आणि रोग तेथील जिवांना त्रास देतात. मासे दुकानात परत द्या किंवा सांभाळू शकेल अशा मित्राला द्या.

शेवटी पुन्हा प्रवाळांकडे वळू. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपजवळचा समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला. तापलेल्या पाण्यात प्रवाळ आपल्या शरीरातले शेवाळ बाहेर टाकतात. ते पांढरे पडतात आणि पाणी लवकर थंड झाले नाही, तर उपाशी मरतात. लक्षद्वीपमध्ये तसेच झाले. समुद्र तापण्याचे एक मोठे कारण म्हणजे कोळसा आणि तेल जाळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. आपल्या राज्यातील पुष्कळशी वीज कोळसा जाळूनच तयार होते. म्हणजे आपल्या घरातल्या बटणाचा आणि दूरच्या प्रवाळाचा संबंध आहे. एका टाकीने वाचवलेल्या विजेने समुद्र थंड होणार नाही, हे खरे. पण जो मुलगा किंवा जी मुलगी साडेचार युनिटांचा हिशेब करायला शिकते, ती पुढे पंखा, दिवा, कारखाना यांचाही हिशेब विचारील. प्रवाळ लहान असतो; एकेक कण जोडत तो खडक बांधतो. हीही त्याच्याकडूनच शिकण्यासारखी गोष्ट आहे.

शब्दार्थ

दर्शनी भाग – समोरचा, दिसणारा भाग
सांगाडा – हाडांचा किंवा कठीण भागांचा ढाचा
आखात – जमिनीत शिरलेला समुद्राचा भाग
सूक्ष्म – अतिशय लहान
सच्छिद्र – छिद्रे असलेला
निववणे – थंड करणे
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
कंपन – थरथर
काटक – त्रास सोसू शकणारा
तग धरणे – टिकून राहणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उर्दूतील ‘मरजान’ या शब्दाला मराठीत कोणते शब्द आहेत?
(आ) महाराष्ट्रात प्रवाळ कोणत्या जिल्ह्यात आढळतात?
(इ) ली चिन एंग कोणत्या शहरात राहत होते?
(ई) नळाचे पाणी एक दिवस उघडे का ठेवावे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) प्रवाळ घरात ठेवू नये.
(आ) टाकी तयार झाल्याबरोबर मासे आणू नयेत.
(इ) पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.
(ई) स्पंज नळाखाली धुऊ नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रवाळ खडकाजवळचे पाणी कोणते तीन कामगार स्वच्छ ठेवतात?
(आ) घरातल्या विजेचा आणि समुद्रातल्या प्रवाळाचा संबंध तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
भरवशावर असणे, वेगळी वाट धरणे, भर देणे, तग धरणे.

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) आवाज, हवा, खर्च, वजन, रंग हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
(आ) काही शब्द सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. उर्दूत ‘दरया’ म्हणजे नदी. ‘दर्या’ हा शब्द वापरून मराठीत दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : तुमच्या घरातील प्रत्येक दिवा आणि पंखा किती वॅटचा आहे व रोज किती तास चालतो, ते लिहून काढा. महिन्याला किती युनिट वीज लागते, याचा तक्ता तयार करून वर्गात लावा.